‘आत्मविश्वास आला की जाईन’

कॉलेजातली मुलं विचारतात, ‘‘एकट्याने कुठेतरी फिरून यायचंय, पण मला जमेल का?’’ पालक विचारतात, ‘‘एकटीला पाठवायचं कसं? काही झालं म्हणजे?’’ हे दोन्ही प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतात, आणि एकाच घरातून आले तर त्याआधी घरात मोठा वाद होऊन गेलेला असतो. सांगलीतल्या एका विद्यार्थिनीबरोबर केलेल्या समुपदेशनाच्या कामातून या दोन्ही प्रश्नांवर बरंच काही सांगता येईल, म्हणून तिच्या संमतीने ते लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव दिलेलं नाही.

मुलगी वीस वर्षांची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र. वडिलांचा हळदीचा व्यापार, आई घर सांभाळणारी, मोठा भाऊ नोकरीला. पहिल्या भेटीला येताना ती मोबाइलमध्ये प्रवासाचा आराखडाच घेऊन आली होती. हिमाचल प्रदेशातलं स्पितीचं खोरं, एकटीने, बारा दिवस. घरी विषय काढल्यावर वडिलांनी एका शब्दात नाही म्हटलं होतं आणि तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. ‘‘मॅडम, एकदा तिथे जाऊन आले ना, की माझ्यात आत्मविश्वास येईल,’’ असं ती म्हणाली. थोड्या वेळाने, घरच्यांची परवानगी मिळाली तर लगेच निघशील का, असं विचारलं. त्यावर ती खाली बघत म्हणाली, ‘‘लगेच नाही. थोडा आत्मविश्वास आला की जाईन.’’

जाऊन आल्याशिवाय आत्मविश्वास येणार नाही आणि तो आल्याशिवाय जाता येणार नाही. बरीच मुलं नेमकी इथेच अडकून पडलेली असतात.

प्रवासाचं बोलण्याआधी मी काही वेगळे प्रश्न विचारले. झोप लागते का, जेवण जातं का, अभ्यासात मन लागतं का, घरात कुणाची भीती वाटते का, मरणाचे विचार येतात का. हे स्पष्ट शब्दांत विचारावं लागतं. ‘मला एकटीला कुठेतरी लांब जायचंय’ या वाक्यामागे कधीकधी फिरण्याची हौस नसते, सगळ्यातून सुटण्याची धडपड असते. तसं असेल तर कामाची दिशाच बदलते. (अशा विचारांनी कुणी त्रस्त असेल तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.) या मुलीच्या बाबतीत तसं काही नव्हतं. ती फक्त घाबरलेली होती, आणि आपण घाबरतो याचा तिला राग येत होता.

मग मी विचारलं, ‘‘गेल्या आठवड्यात अशी कोणती कामं केलीस, ज्यात सोबत कुणीच नव्हतं?’’

ती बराच वेळ आठवत राहिली. क्लासला वडील गाडीवरून सोडायचे. प्रवेशाचे फॉर्म भावाने भरले, बँकेत वडील गेले. मैत्रीण आली नाही त्या दिवशी ती कॅन्टीनमध्ये न जाता उपाशीच घरी परतली. अनोळखी नंबरवर फोन करायचा असला की ती काय बोलायचं ते मनात घोळवायची आणि शेवटी फोन भावाच्या हातात द्यायची. रेल्वेचं तिकीट तिने कधी काढलंच नव्हतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. ‘राहू दे, मी करतो’ हे त्या घरात मायेने म्हटलं जायचं. पण वर्षानुवर्षं ते ऐकत आलेल्या मुलीने त्यातून स्वतःबद्दल एक निष्कर्ष काढला होता: हे मला जमण्यासारखं नाही.

भीतीचं एक साधं गणित असतं. ज्याची भीती वाटते ते टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि बरं वाटल्यामुळे पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं. थांबून राहिलं असतं तर छातीतली धडधड वाढून काही मिनिटांत आपोआप उतरली असती, पण तो अनुभव घेण्याआधीच माणूस तिथून निघून गेलेला असतो. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कशातून तयार होतो याची मांडणी केली. त्यात चार गोष्टी येतात: स्वतः करून पाहिलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिलेलं, इतरांनी दिलेला धीर, आणि शरीराच्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. त्यातली सगळ्यात प्रभावी गोष्ट पहिली. ‘तू हुशार आहेस गं, तुला जमेल’ असं आई रोज सांगत होती, ते मनापासूनच होतं, पण त्याचा जोर कमी पडत होता तो यामुळे.

स्पितीला जाऊ नकोस असं मी तिला म्हटलं नाही. तिथे काय बघायचंय एवढंच विचारलं. तिने रीलमध्ये पाहिलेल्या जागा सांगितल्या. मग मी म्हटलं, ‘‘समज, फोटो कुणालाच दाखवायचे नाहीत. मग कुठे जाशील?’’

‘‘हंपीला,’’ ती चटकन म्हणाली. विरूपाक्ष मंदिरात मागच्या बाजूला एका खोलीच्या भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. छोट्या झरोक्यातून येणारा प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरचं खाली आणि खालचं वर दिसतं, सूचिछिद्र कॅमेऱ्यासारखं. हे तिला अकरावीत सरांनी सांगितलं होतं. ते सांगताना तिने माझ्या टेबलावरचा कागद ओढून आकृतीच काढली. तोवर पुटपुटल्यासारखी बोलणारी मुलगी आता मला समजावून सांगत होती. स्पिती तिला वडिलांना काहीतरी दाखवून देण्यासाठी हवं होतं, हंपी तिला स्वतःसाठी बघायचं होतं. माझ्या मते एकट्याने करायच्या पहिल्या प्रवासासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे. सिद्ध करायला निघालेलं मूल वाटेत अडचण आली तर परत फिरायला किंवा मदत मागायला कचरतं.

आम्ही भीतीची शिडी केली. प्रत्येक पायरीला ती शून्य ते शंभर असे भीतीचे गुण द्यायची, आधी आणि नंतर. कॅन्टीनमध्ये एकटीने, मोबाइल बॅगेत ठेवून जेवायचं. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी जाऊन मोठ्याने गाडीची वेळ विचारायची. एखाद्या लॉजला स्वतः फोन करून खोलीचा दर विचारायचा. या तिसऱ्या पायरीला तिने चक्क ऐंशी गुण दिले होते, नरसोबाच्या वाडीला एकटीने जाऊन येण्यापेक्षाही जास्त! वाडीला ती सहज जाऊन आली, दत्ताचं दर्शन घेऊन, घरच्यांसाठी पेढे घेऊन. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे अशा छोट्या फेऱ्यांचा खर्च तिच्या खाऊच्या पैशांतून निघत होता.

नंतरची पायरी खिद्रापूरची. कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप वरून गोल उघडा आहे, खाली त्याच मापाची शिळा. प्रकाशाचं वेड असलेल्या मुलीसाठी याहून चांगली जागा जवळपास कुठे मिळणार? ती तिथे रमली आणि कुरुंदवाडला परतायची एसटी निघून गेली. पुढची गाडी कधी, कुणाला नक्की सांगता येईना. ऊन उतरायला लागलं होतं.

पुढच्या भेटीत तिने ते सविस्तर सांगितलं आणि मीही तिला मिनिटामिनिटाचं विचारलं, कारण शिकण्यासारखं सगळं तिथेच होतं. पहिल्यांदा हात मोबाइलकडे गेला. पप्पांना फोन केला असता तर ते गाडी घेऊन तासाभरात आले असते. हात थरथरत होते, रडू येत होतं. आमचं आधी ठरलं होतं की अडचण आली तर आधी बसायचं, पाणी प्यायचं, श्वास सावकाश सोडायचा आणि मग स्वतःला विचारायचं, ‘मी आत्ता धोक्यात आहे का, की फक्त घाबरले आहे?’ ती देवळाच्या आवारात बसली. आजूबाजूला बायका होत्या, उजेड होता, पर्समध्ये पैसे होते. धोका नव्हता. मग तिने फुलं विकणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, वडाप मिळंल की. माझी भावजय पण कुरुंदवाडलाच निघालीया, जा तिच्यासंगं.’’

वडापमध्ये, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाडीत, बसल्यावर तिने घरी फोन केला. ‘‘पप्पा, बस चुकली होती. आता वडापने येतेय. कुरुंदवाडातून सांगलीची गाडी धरते.’’ वडील काही क्षण बोललेच नाहीत, मग म्हणाले, ‘‘बरं. पोचलीस की सांग.’’

ही बस चुकली नसती तर आमचं काम कितीतरी महिने लांबलं असतं असं मला वाटतं. सुरळीत पार पडलेल्या फेरीतून ‘नशीब चांगलं होतं’ असा अर्थ काढता येतो. अडचण आली आणि आपण तिच्यातून बाहेर पडलो, हे मात्र नशिबाच्या नावावर टाकता येत नाही. त्या पायरीला तिने आधी सत्तर गुण दिले होते, परतल्यावर पंचवीस.

यानंतर तिच्या संमतीने मी आईवडिलांना बोलावलं. वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते. ‘‘मॅडम, माझा पोरीवर विश्वास आहे. जगावर नाही,’’ ते म्हणाले. हे वाक्य मी अनेक वडिलांकडून ऐकलं आहे आणि त्याला खोडून काढायला मी कधीच जात नाही. एकट्या मुलीला प्रवासात जे सोसावं लागतं ते खरं आहे. मी त्यांना विचारलं, तुम्ही पहिल्यांदा एकटे कधी निघालात? ते सांगू लागले. सतराव्या वर्षी हळदीच्या गाडीबरोबर इरोडला गेले होते, तमिळचा एक शब्द येत नव्हता, हिशेबाची वही पोटाशी धरून झोपले होते. मुलीने हे कधी ऐकलंच नव्हतं, ती त्यांच्याकडे बघतच राहिली. वडील म्हणाले, ‘‘पण मी मुलगा होतो.’’ आई पहिल्यांदाच बोलली, ‘‘म्हणून तर तिला जास्त तयारी करून देऊ या.’’

आईच्या या बोलण्याने आमची पुढची चर्चा जमिनीवर आली. जोखीम असली की तिच्यावर काहीतरी काम करता येतं, काळजीला कितीही माहिती दिली तरी आणखी हवी असते, असं मी त्यांना सांगितलं आणि आम्ही कामाकडे वळलो. अनोळखी गावात रात्री पोचायचं नाही, हा पहिला नियम. मिरजेहून हुबळी, रात्री स्टेशनवरच्याच आधी आरक्षित केलेल्या विश्रांतिकक्षात मुक्काम, सकाळच्या गाडीने होस्पेट, आणि तिथून हंपी तेरा-चौदा किलोमीटर, तेही बसने. लांबच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांत स्लीपरला महिलांसाठी सहा बर्थचा वेगळा कोटा असतो, तो त्यांना ठाऊक नव्हता. रेल्वेत काही अडलं तर १३९, इतरत्र ११२. मुक्कामाच्या जागेचा फोन ती स्वतः करणार. एकटी आहे का, असं कुणी वाटेत विचारलं तर ‘घरचे पुढे आहेत’ असं बिनदिक्कत सांगायचं. खोटं बोलायला तिला अवघड वाटत होतं, वडिलांनीच तिला तशी परवानगी दिली. मन नको म्हणालं तर कारण शोधत न बसता तिथून उठायचं.

सगळ्यात जास्त वेळ फोन कधी करायचा हे ठरवण्यात गेला. वडिलांना दर तासाला फोन हवा होता. शेवटी ठरलं की ठिकाण आईच्या मोबाइलवर दिसत राहील, मुलगी सकाळी आणि रात्री फोन करेल, आणि मधे वडील फोन करणार नाहीत. तिचा ठरलेला फोन तासभर उशिरापर्यंत आला नाही, तरच करायचा. वडिलांसाठी ही त्यांची स्वतःची शिडी होती. मुलांच्या भीतीवर काम करताना आईवडिलांच्या भीतीलाही तितकीच जागा द्यावी लागते, नाहीतर मूल घरी येऊन पुन्हा पहिल्या पायरीवर जातं.

दिवाळीच्या सुट्टीत ती गेली. हुबळीला संध्याकाळी पोचल्यावर तिथला १,५०७ मीटरचा, जगातला सर्वांत लांब प्लॅटफॉर्म या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला. हंपीत पहिल्या दिवशी एका रिक्षावाल्याने तिला उगीच लांबच्या वाटेने फिरवलं आणि जास्त पैसे मागितले. ती चिडली, घासाघीस केली, थोडे जास्त देऊन सुटका करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सायकल भाड्याने घेतली. संध्याकाळी खोलीत खूप एकटं वाटलं, रडूही आलं. फोन ठरलेल्या वेळीच केला, आवाज जड होता, वडिलांनी ओळखलं, पण ‘परत ये’ म्हणाले नाहीत. त्या एका गोष्टीसाठी मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

उलटी सावली तिने दोनदा पाहिली, कारण पहिल्यांदा ऊन ढगाआड गेलं होतं. शेजारच्या एका कुटुंबातल्या लहान मुलाला ती हिंदीतून झरोक्याचं गणित समजावत राहिली आणि मुलाचे आईवडीलही ऐकत उभे राहिले, हे तिने मला सर्वात आधी सांगितलं. सहा महिन्यांपूर्वी याच मुलीने कॅन्टीनमध्ये एकटीने जेवायला पासष्ट गुण दिले होते.

तिची भीती गेली असं मी म्हणणार नाही. अनोळखी माणसाला फोन करताना अजूनही तिचा घसा कोरडा पडतो, पण फोन भावाकडे जात नाही. बँकेचं काम आता ती करते. उन्हाळ्यात दुसऱ्या शहरात महिनाभराचा प्रकल्प करायचा तिचा विचार आहे, त्यासाठी पत्रं लिहिणं सुरू आहे. रात्रीच्या गाडीने एकटीने जायचं की नाही, यावर मात्र बापलेकीचं एकमत झालेलं नाही. दोघांनी आपापली बाजू कागदावर लिहून आणायची असं ठरलं आहे, आणि पुढच्या भेटीला दोघं मिळून येणार आहेत.