लाळेतलं कॉर्टिसोल मोजायला सुरुवात करताय? आधी घड्याळ सांभाळा

ताणाची सुरुवातीची खूण शोधायची म्हणून दुपारी एकच नमुना घेऊ नका. कॉर्टिसोल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक (हार्मोन) सकाळी चढतं, रात्री उतरतं. त्यामुळे सुट्या आकड्याला अर्थ नसतो. जाग आल्यावर लगेच, मग ३० आणि ४५ मिनिटांनी असे तीन नमुने घ्या, तेही किमान दोन दिवस.

अनेक अभ्यास इथेच फसतात. माणूस जागा होऊन १५ मिनिटं लोळतो आणि मग पहिली नळी भरतो. तोवर पातळी चढू लागलेली असते, म्हणून पुढची वाढ खोटीच कमी दिसते आणि तुम्ही तिला ‘ताणाचा परिणाम’ समजता. सहभागींनी नुसती लिहिलेली वेळ पुरेशी नाही. प्रत्येक नळीचा वेळ-शिक्क्यासह फोटो मागवा.

तिसरा नमुना होईपर्यंत दात घासणं, चहा, नाश्ता, सिगारेट बंद. हिरड्यांतून रक्त आलं तर नमुना बाद, कारण रक्तात कॉर्टिसोल लाळेपेक्षा कितीतरी जास्त असतं. दम्याचा स्टिरॉइड पंप, गर्भनिरोधक गोळ्या, रात्रपाळी यांची नोंद हवीच.

नमुने उणे २० अंशांवर गोठवा. वितळल्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून चिकट भाग खाली बसवा, नाहीतर पिपेटने (द्रव मोजून घ्यायच्या नळीने) घेतलेलं माप चुकतं. एका माणसाचे सगळे नमुने एकाच एलायझा प्लेटवर (कॉर्टिसोल मोजायच्या चाचणीच्या खाचांच्या पाटीवर) लावा.

आणि आकडा वाचताना जपा: दीर्घ ताणात सकाळची चढण कधी वाढते, कधी सपाट होते. महिन्यांचा अंदाज हवा असेल तर डोक्याच्या केसांतलं कॉर्टिसोल बघा. टाळूजवळचे ३ सेंटिमीटर म्हणजे साधारण ३ महिने.