ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला येताय? पहिला हिवाळा बोटीवर काढू नका

तुमचा प्रश्न असा: नोकरीसाठी नाशिकहून दोघं बर्मिंगहॅमला येताय, घरभाडी ऐकून धसका घेतलाय, तर कालव्यावरची नॅरोबोट (राहण्याजोगी लांब, अरुंद बोट) विकत घेऊन वर्षभर राहता येईल का? येईल. फक्त पहिला हिवाळा भाड्याच्या घरात काढा आणि बोटी जानेवारीत बघायला जा. जूनमध्ये सगळ्याच बोटी देखण्या दिसतात. ओल, गंज आणि बॅटऱ्यांची खरी अवस्था थंडीतच उघडी पडते.

आधी मुक्कामाचं. बांधायला कायमची जागा (धक्का) नसलेल्या बोटीला एका जागी 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. 1995 च्या कायद्यातली ती अट आहे. किती लांब जायचं ते कायद्यात लिहिलेलं नाही, पण कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या मते वर्षभरात 15-20 मैलांहून कमी पल्ला पुरेसा ठरण्याची शक्यता कमी. म्हणजे ऑफिसजवळच्या दोन वळणांत मागेपुढे करून भागत नाही. शिवाय 2024 पासून अशा बोटींच्या परवान्यावर अधिभार लागतो आणि तो दरवर्षी वाढतोय. तुम्हाला स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीला तुमचा राहता पत्ता नोंदवून ठेवावा लागतो, बँकही पत्ता मागते. इंग्लंडमध्ये जीपीकडे (सरकारी आरोग्यसेवेच्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव घालायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय. नोकरी एका शहरात बांधलेली असेल तर निवासी परवानगी असलेला मरीनातला (बोटींच्या खासगी तळावरचा) धक्काच शोधा. साध्या धक्क्यावर बोट ठेवता येते, राहता येत नाही. करारात ‘निवासी’ (residential) हा शब्द आहे का ते तपासा.

आता विजेचा हिशोब, कारण घरून काम करणाऱ्यांचं गाडं इथेच अडतं. 110 अँपिअर-अवरच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या म्हणजे 440. त्यातल्या निम्म्याच वापरायच्या, म्हणजे 220. 60 वॉटचा लॅपटॉप आठ तास चालवला की इन्व्हर्टरमधली गळती धरून साधारण 45 जातात, दोघांचे 90. बारा व्होल्टचा फ्रिज 35-40, दिवे, पाण्याचा पंप आणि राउटर मिळून 25. दीड दिवसात खेळ संपला. छतावरचे 400 वॉटचे सोलर पॅनेल जूनमध्ये दिवसाला दीड युनिटच्या आसपास देतात, डिसेंबरात त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकं. मग इंजिन चालवावं लागतं, तेही धक्क्यावर उभं असताना रात्री 8 ते सकाळी 8 सोडून. चूक होते ती पुढेच. बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत पटकन भरते, उरलेले 20 टक्के भरायला कित्येक तास लागतात. लोक दोन तासांत इंजिन बंद करतात, प्लेटांवर सल्फेट साचत जातं आणि एकाच हिवाळ्यात नव्या बॅटऱ्या निकामी होतात. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण, म्हणजे सहा-आठ तास चार्ज कराच. लिथियमला हा त्रास नाही, पण शून्याखालच्या तापमानात त्या चार्ज करायच्या नसतात.

ओल हा दुसरा शत्रू, आणि आपल्या स्वयंपाकाने तो बळावतो. कुकरच्या चार शिट्ट्या, भाताची वाफ, आत वाळत घातलेले कपडे: ही सगळी वाफ खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर थेंब होऊन बसते, चौकटीखालचं लाकूड काळं पडतं. गादी उचलून बघा. खालची फळी ओलसर लागली तर गादीखाली जाळीदार थर किंवा पट्ट्या घालून हवा खेळती ठेवा. छतावरचे हवेचे झरोके थंडी वाजते म्हणून चिंध्या कोंबून बंद करू नका. तीच भोकं कार्बन मोनॉक्साइडपासूनही वाचवतात. अलार्म बसवणं सक्तीचं आहे. दर आठवड्याला बटण दाबून तपासा. बोट ऊबदार ठेवणाऱ्या कोळसा-लाकडाच्या शेगडीतली गरम राखही हा वायू सोडते, म्हणून ती झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून लगेच बाहेर ठेवा. कडाक्याच्या थंडीत धूररहित कोळशाची 20 किलोची गोणी दोन-तीन दिवस पुरते. लाकूड जाळणार असाल तर ओलावा 20 टक्क्यांखाली हवा, नाहीतर धुराड्यात डांबर साचतं. गॅसचा सिलिंडर लाल, म्हणजे प्रोपेनचा घ्या. निळ्यातलं ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू होईनासं होतं आणि ऐन थंडीत स्वयंपाकाची शेगडी विझते.

सिंकचं पाणी थेट कालव्यात जातं. तेलकट कढई आधी कागदाने पुसा, तळणीचं तेल बाटलीत भरून कचऱ्यात टाका. संडासाची कॅसेट साधारण 20 लिटरची. धुण्यासाठी पाणी वापरणाऱ्या दोघांची ती दोन-तीन दिवसांत भरते. दुसरी रिकामी कॅसेट जवळ ठेवाच, कारण बर्फ धरला की रिकामी करायच्या ठिकाणापर्यंत बोट नेता येत नाही. बर्फ फोडत जाऊ नका. तळाचा काळा रंग खरवडला जातो, शेजारच्या फायबरच्या बोटींना चीर पडते. बोट सोडून गावाला जायचं असेल तर पंप बंद करून नळ उघडे ठेवा, पाइपांतलं पाणी काढून टाका.

नोव्हेंबर ते मार्च लॉकांच्या (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या, दरवाजे असलेल्या हौदांच्या) दुरुस्त्या निघतात. मार्ग ठरवण्याआधी बंद लॉकांची यादी बघा, नाहीतर दोन बंद लॉकांच्या मधे अडकाल. उन्हाळ्यात उलट पाणीच कमी पडतं. 2025 मध्ये लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग त्यापायी बंद होता. पोलादी बोट तेव्हा भट्टीसारखी तापते, आणि सावलीत उभी केली तर सोलर मंदावतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानांचा लगदा बोट ढकलणाऱ्या पंख्याला (प्रोपेलरला) गुंडाळतो. जराशी उलटी गती दिली की बहुधा सुटतो. दोरी किंवा प्लास्टिक अडकलं असेल तर इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, मग पंख्यावरचं मागचं झाकण उघडून सुरीने कापायचं. झाकण परत घट्ट बसलं की नाही ते इंजिन सुरू करण्याआधी हाताने हलवून बघा. सैल राहिलं तर पंखा पाणी आत फेकतो आणि बोट बुडते. लॉकमधून उतरताना बोटीचा मागचा भाग भिंतीवरच्या पांढऱ्या रेघेच्या पुढे ठेवा. मागे राहिला तर तो लॉकच्या वरच्या दरवाजाखालच्या उंबऱ्यावर टेकतो आणि पुढची बाजू पाण्याबरोबर खाली जाते.

घेताना लांबी 57 फुटांपर्यंत ठेवा, म्हणजे जवळजवळ सगळीकडे जाता येतं. बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे करवा, सर्व्हेअर तुम्ही निवडा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. नवा पत्रा सहसा तळाला 10, बाजूंना 6 आणि वर 4 मिलिमीटर असतो. अहवालात तळ किंवा बाजू कुठेही 4 च्या खाली दिसली तर विमा मिळायला अडचण येते, तेव्हा नवा पत्रा चढवायचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोलणी करा.