डिसेंबरच्या मचाणावर वरून काय घालायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: नोव्हेंबरचा हरणाच्या शिकारीचा नऊ दिवसांचा सीझन कोरडा गेला. आता विस्कॉन्सिनमध्येच ठासणीच्या बंदुकीचे दहा दिवस बसायचंय, जमलं तर पुढे जानेवारीपर्यंत धनुष्य. त्यासाठी सहाशे डॉलरचं, बर्फाच्या कॅमोचं (म्हणजे बर्फात मिसळून जाणाऱ्या नक्षीचं), वॉटरप्रूफ, जाडजूड जॅकेट घ्यावं का?

नका घेऊ. निदान हे तरी नका घेऊ. मी सोळा वर्षांचे डिसेंबर मचाणावर काढलेत आणि पहिल्याच वर्षी अगदी हीच खरेदी करून बसलो होतो. साताऱ्याकडचा माणूस, थंडी म्हणजे महाबळेश्वरची एवढंच ठाऊक. दुकानात सगळ्यात जाड दिसलं ते उचललं.

आधी कॅमोचं बघू, कारण ते दोन वाक्यांत संपतं. बंदुकीचा कुठलाही हरणाचा सीझन चालू असेल, ठासणीचाही, तर कमरेच्या वरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असावा लागतो, आणि टोपी घातली तर तीही निम्मी तशीच. म्हणजे तुमच्या महागड्या बर्फाच्या नक्षीवर नारिंगी बंडी चढणार आणि नक्षी झाकली जाणार. (या वर्षीची नियमपुस्तिका एकदा चाळाच, इथे बारीकसारीक बदल होत असतात.) हरणाला नारिंगी आपल्यासारखा दिसत नाही, मळकट दिसतो. त्याला निळा मात्र छान दिसतो. तेव्हा कॅमोची चिंता सोडा आणि जीन्स घालून बसू नका. कपडे ‘अधिक शुभ्र’ करणारी साबणपूडही नको, तिच्यातल्या चकाकीच्या रसायनांनी कापड हरणाच्या डोळ्याला निळसर उजळतं. आणि ती बंडी पाच डॉलरची प्लास्टिकछाप घेऊ नका, फ्लीसची (लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाची) घ्या, दोन मापं मोठी. का ते पुढे येतंय.

आता वॉटरप्रूफ. नोव्हेंबरच्या मध्यावर इथे पाऊस, चिखल, गारांचा सडा असं काहीही होतं, तेव्हा पाणी अडवणारं कापड कामाचं. डिसेंबरात पारा उणे दहाच्या खाली गेला की आकाशातून पडतो तो कोरडा, पिठासारखा बर्फ. झटकला की गेला. त्या दिवसांत तुमचा शत्रू पाणी नाही, वारा आहे. शून्य फॅरनहाइट, म्हणजे उणे १८ सेल्सियस, आणि ताशी १५ मैलांचा वारा, असं असेल तर उघड्या कातडीला ते उणे २८ इतकं बोचतं आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. म्हणून वारा अडवणारा पडदा हवाच, पण तो लोकरीच्या किंवा फ्लीसच्या दोन थरांमध्ये लपलेला. बाहेरून चकचकीत नायलॉन नको.

नायलॉन का नको, ते मी फार जवळून शिकलो. नैऋत्य विस्कॉन्सिनमधला डोंगराळ भाग, किकापू नदीच्या वरच्या अंगाची एक घळ. सकाळचे साडेसात, पारा उणे एकवीस, वारा पडलेला. अशा थंडीत आवाज किती लांब जातो ते बसल्याशिवाय कळत नाही. अर्ध्या मैलावरच्या गोठ्यातली बादली ऐकू येते. ओकच्या मागून तो नर आला, शिंगांना आठ फाटे, पंचवीस यार्डांवर. मी बंदूक उचलली. फक्त उचलली. बाहीवर बाही घासली आणि कर्रर्र असा आवाज झाला. त्याने मानही पुरती वळवली नाही, कान तेवढे फिरवले, आणि पुढच्या क्षणी झाडामागे पांढरी शेपटी दिसली. तेच जॅकेट दुकानात मऊ वाटलं होतं. उबदार खोलीत गप्प बसलेलं कापड उणे वीसमध्ये पापडासारखं वाजतं.

त्यामुळे खरेदीची माझी रीत अशी. दुकानात बाहीवर नखाने ओरखडा काढायचा, डोळे मिटून ऐकायचं. मग कापड ओठांशी धरून जोरात फुंकायचं. पलीकडे तळहाताला हवा लागली तर वाराही आत येणार. यात पास झालं तरी पावती जपून ठेवायची, टॅग न काढता एक रात्र जॅकेट बाहेर व्हरांड्यात टांगायचं आणि पहाटे पुन्हा ओरखडा. वाजलं की परत. दोन जॅकेटं मी अशी परत केलीत आणि काउंटरवरच्या पोराने मला वेड्यात काढलंय, चालायचंच.

पण खरी चूक जॅकेट निवडण्यात होत नाही, ते कधी घालायचं यात होते. जॅकेट घालून मचाणापर्यंत चालत जाऊ नका. पुन्हा सांगतो, अंगात नाही, पाठीवर बांधून न्यायचं. माझं झाड गाडीपासून सातशे-आठशे मीटर, सगळा चढ, पायाखाली बर्फ. वरचा थर घालून तो चढ चढलात तर अर्ध्या वाटेत पाठ भिजते. मग चार तास हलायचं नाही, आणि तो घाम तुम्हाला आतून गार करत बसतो. माझ्या ओळखीत डिसेंबरात साडेनऊलाच घरी परतणारे जेवढे आहेत, त्यातले निम्मे थंडीने नाही, घामाने परततात. गाडीतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं कुडकुडायला व्हायला हवं. आतला पातळ लोकरीचा थर आणि एक साधं फ्लीस, बस. टोपीसुद्धा खिशात. झाडाखाली पोचल्यावर दहा मिनिटं उभं राहायचं, आतला बनियन ओला वाटला तर कोरडा बदलायचा (हो, त्या थंडीत, शिव्या देत), आणि मगच वरचं सगळं चढवायचं.

म्हणूनच बिब पँटला (खांद्यांवर पट्ट्यांनी अडकवायच्या पँटला) बाजूने कंबरेपर्यंत चेन हवी, बूट न काढता चढवता येते. चेन प्लास्टिकची असावी; धातूची खणखणते आणि हनुवटीला लागली की चटका देते. पैसे खर्च करायचेच तर मी जॅकेटआधी बिबवर करेन. छातीपर्यंत येते, वाकलं तरी कंबर उघडी पडत नाही, आणि थंडी शिरते ती बहुधा तिथूनच. बुडाखाली फोमचा तुकडा घ्या. बसल्या जागी अंगाच्या उबेने बर्फ वितळतो, ओलं व्हायचा धोका असला तर तिथेच.

कापडात माझं मत लोकरीकडे झुकतं, आणि इथे मी थोडा पक्षपाती आहे. आमच्याकडे आषाढात धनगर घोंगडीची खोळ करून दिवसभर मेंढरांमागे उभे असत. वरून पाणी निथळतंय आणि आत माणूस उबदार. इथल्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांचे लाल-काळ्या चौकड्यांचे जाड लोकरी कोट पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा वासासकट घोंगडी आठवली. लोकर आवाज करत नाही, दमट झाली तरी ऊब सोडत नाही. तोटे दोन: वजन, आणि नुसती लोकर वारा पुरता अडवत नाही, आत एक पातळ वाराबंद बंडी घालावी लागते. केसाळ फ्लीसही शांत असतं, पण झुडपांतून गेलात की कुसळं आणि गोखरूसारखे काटे गोळा करून आणतं, आणि ती वेचण्यात संध्याकाळ जाते. पिसांचं जॅकेट उत्तम, पण मधल्या थरात. वर घातलं तर वाजतंही आणि काट्याला अडकून फाटतंही.

कोटाचं माप एक नंबर मोठं घ्या. आतला भराव दाबला गेला की त्यातली हवा जाते, आणि ऊब त्या हवेचीच असते. मात्र जाड कोटाचा बंदुकीवर परिणाम होतो तो कुणी सांगत नाही. दस्ता खांद्यापासून इंचभर पुढे जातो, डोळा दुर्बिणीपासून लांब पडतो आणि कडेने काळं वर्तुळ दिसायला लागतं. उचलताना दस्ता काखेत अडकतो ते वेगळंच. सगळा जामानिमा चढवून एकदा रेंजवर जा. धनुष्याला तर दोरी बाहीला घासते, तिथे हातावर पट्टा आवळावाच लागतो. सेफ्टी हार्नेसही (मचाणावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे) याच कपड्यांवर घरी जुळवून बघा, टीशर्टवर जुळवलेला डिसेंबरात बसत नाही.

हातांसाठी जाड मोजे नकोत, चाप कळत नाही. पातळ मोजे आणि कमरेला बांधायचा मफ, म्हणजे दोन्ही हात आत घालायची उबदार पिशवी, त्यात गरम पुड्या. त्या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते, हवेशी संयोग होऊन तापते. म्हणूनच हाताच्या पुड्या बुटात कोंबल्या की गार पडतात, तिथे हवाच नसते. पायांच्या वेगळ्या मिळतात.

आणि हवामान खात्याने उबदार दिवस सांगितला तरी वरचा थर गाडीत विसरू नका. ११ नोव्हेंबर १९४० ला मिनेसोटात आणि मिसिसिपीच्या काठाने सकाळ इतकी मऊ होती की बदकांचे शिकारी पातळ कोटांत बेटांवर गेले. दुपारपर्यंत पाऊस, मग गारा, मग बर्फाचं वादळ. कित्येक जण तिथेच गोठले. इथले लोक अजून ती गोष्ट सांगतात.

तर सहाशेचा हिशेब असा करा: मोठा वाटा चांगल्या बिबला, त्यानंतर वाराबंद फ्लीसच्या बंडीला आणि नारिंगी बंडीला. कोट जुन्या कपड्यांच्या दुकानात शोधा, इकडे गावोगावी आजोबांचे लोकरी कोट वीस-तीस डॉलरला लटकत असतात. किंवा तुमचं माप कळवा. माझ्याकडे एक एक्स्ट्रा लार्ज पडून आहे, डाव्या खिशाला भोक आहे आणि माझ्या पोटावर तो आता बंद होत नाही. मॅडिसनला येणार असाल तर घेऊन जा.