टिडलीविकीत बाहेरच्या फायली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फोटो ओढून टाकून टाकून माझी टिडलीविकीची (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या, सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या वहीची) एचटीएमएल फाइल फार जड झाली आहे. म्हणून फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आणि टिडलरला, म्हणजे विकीतल्या नोंदीला, कॅनॉनिकल यूआरआय हे बाहेरच्या फाइलचा पत्ता सांगणारं फील्ड जोडलं. फोटो दिसतात, पण फाइलचा आकार आहे तेवढाच. असं का?

उत्तर : कारण जुना फोटो टिडलरच्या मजकुरात अजून तसाच आहे. विकीवर फोटो ओढून टाकला की तो बेस-६४ पद्धतीने अक्षरांत बदलून त्या एचटीएमएल फाइलमध्येच साठवला जातो. त्यात आकार एक तृतीयांशाने वाढतो. ३ एमबीचा फोटो ४ एमबी होतो. पुढे एका शब्दाची दुरुस्ती केली तरी जतन करताना हा सगळा भार पुन्हा लिहावा लागतो. फील्ड जोडलं म्हणून विकी आतली प्रत आपणहून पुसत नाही.

चित्राच्या टिडलरमध्ये संपादनाला मजकुराची चौकट मिळत नाही, म्हणून सरळ उपाय असा : मूळ फोटो बाहेरच्या फोल्डरमध्ये उघडून बघा, टिडलरचं नाव टिपून घ्या, टिडलर काढून टाका आणि अगदी त्याच नावाने नवा करा. प्रकार ‘इमेज/जेपेग’ किंवा ‘इमेज/पीएनजी’ निवडा, मजकूर रिकामा ठेवा. मग कॅनॉनिकल यूआरआय हे फील्ड जोडा. त्याच्या इंग्रजी नावाची सुरुवात अधोरेखेने होते, दोन्ही शब्दांच्या मध्ये पुन्हा अधोरेखा येते आणि कुठेही मोकळी जागा नसते. त्यात पत्ता लिहायचा. विकीच्या फाइलशेजारी ‘चित्रे’ नावाचं फोल्डर असेल, तर पत्ता ‘चित्रे’, मग तिरपी रेघ, मग फाइलचं पूर्ण नाव, एवढाच. टिडलरचं नाव बदललेलं नसल्यामुळे बाकीच्या नोंदींतले त्याचे उल्लेख जसेच्या तसे चालतात.

फोटो पुष्कळ असतील तर हातानं करत बसू नका. नोडजेएसवर (ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर) चालणाऱ्या टिडलीविकीत ‘सेव्हटिडलर्स’ आणि ‘सेटफील्ड’ या आज्ञांनी सगळी चित्रं एकदम बाहेर काढता येतात. पण एक जपा : ‘सेव्हटिडलर्स’ ज्या फोल्डरमध्ये लिहिते, ते आधी रिकामं करते. ‘नोक्लीन’ हा शब्द जोडला नाही तर तिथल्या आधीच्या फायली जातात. नेहमी नवं, कोरं फोल्डर द्या.

प्रश्न : काल दिसत असलेली चित्रं आज तुटकी दिसतात. फोल्डरला हातही लावलेला नाही.

उत्तर : ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत बघा, विकी कुठून उघडला आहे. खास सोय केलेली नसेल तर ब्राउझर जतन करताना मूळ फाइलवर लिहीत नाही. नवी प्रत डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये टाकतो. ती प्रत तिथूनच उघडली की ‘चित्रे’ हे फोल्डर तिच्या शेजारी नसतं, आणि पत्ता तर शेजारच्याच फोल्डरचा दिलेला असतो. प्रत मूळ जागी हलवा, चित्रं परत दिसतील. पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासूनचा, देण्याचा मोह टाळा. विकी दुसऱ्या संगणकावर नेला की तसे सगळे पत्ते मोडतात.

जागा बरोबर असेल, तर तुटक्या चित्रावर राइट क्लिक करून ते नव्या टॅबमध्ये उघडा. ब्राउझरने नेमका कुठला पत्ता शोधला ते तिथे दिसतं आणि चूक बहुधा लगेच सापडते. विंडोजमधून नक्कल केलेल्या उलट्या तिरप्या रेघा सरळ करा. फाइलच्या नावात हॅशचं किंवा प्रश्नाचं चिन्ह असेल, तर ब्राउझर नाव तिथेच तोडतो. नाव बदलणं उत्तम. विंडोजला लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांतला फरक चालतो, लिनक्सला चालत नाही.

देवनागरी नावं चालतात, पण ‘ऱ’ सांभाळा. युनिकोडमध्ये तो एकाच चिन्हानेही लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनीही. मॅकची डिस्कवर फायली ठेवण्याची जुनी एचएफएस प्लस यंत्रणा फाइलचं नाव दोन चिन्हांच्या पद्धतीने साठवते. ‘किनाऱ्यावर’ नावाचा फोटो तिथून लिनक्सवर नेला, तर डोळ्यांना नाव तेच दिसतं आणि फाइल मात्र सापडत नाही.

प्रश्न : चित्रं येतात, मग त्याच पद्धतीने मजकुराची फाइल का येत नाही?

उत्तर : चित्र दाखवणं आणि फाइल वाचणं या ब्राउझरच्या दृष्टीने दोन वेगळ्या परवानग्या आहेत. चित्र ब्राउझर स्वतः पानावर ठेवतो. पानातल्या जावास्क्रिप्टला त्यातलं काही कळत नाही. मजकूर मात्र विकीला स्वतः वाचून त्याची मांडणी करावी लागते, आणि डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला शेजारची फाइल वाचायला क्रोम मनाई करतो. फायरफॉक्स पूर्वी त्याच फोल्डरमधल्या फायली वाचू देत असे. जुलै २०१९ मध्ये आलेल्या ६८व्या आवृत्तीपासून तेही बंद झालं. कारण रास्त होतं. डाउनलोड्समध्ये उतरलेलं एखादं दुष्ट पान शेजारच्या सगळ्या फायली वाचू शकत होतं. म्हणूनच ब्राउझरची ही आडकाठी काढून टाकण्याच्या युक्त्या वापरू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते दार केवळ तुमच्या विकीला उघडत नाही, डिस्कवरून उघडलेल्या प्रत्येक पानाला उघडतं.

नुसतं बघायचं असेल तर आयफ्रेम, म्हणजे पानात दुसरं पान दाखवणारी चौकट, पुरते. टिडलरमध्ये आयफ्रेमचा टॅग लिहून त्याला शेजारच्या एचटीएमएल फाइलचा पत्ता द्या. त्या फाइलच्या डोक्याशी यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीची नोंद हवी, नाहीतर मराठीचा विचका होऊ शकतो. आयफ्रेममधला मजकूर विकीच्या शोधात मात्र येत नाही.

मजकूर खरोखर आत हवा असेल, तर विकी स्थानिक सर्व्हरवरून, म्हणजे तुमच्याच संगणकावर चालून ब्राउझरला फायली पुरवणाऱ्या प्रोग्रामवरून, उघडा. बाहेरची फाइल ‘डॉट टिड’ प्रकारची हवी : वर फील्डांच्या ओळी, मग एक रिकामी ओळ, खाली मजकूर. शीर्षकाच्या ओळीतलं नाव आणि विकीतल्या टिडलरचं नाव तंतोतंत एक असावं लागतं. इथेच बहुतेकांचं अडतं. नाव जुळलं नाही तर मजकूर दुसऱ्याच टिडलरमध्ये जातो आणि तुमच्यासमोर ‘लोड होत आहे’ ही सूचना तशीच राहते. साधी टीएक्सटी फाइल या वाटेने येत नाही. शिवाय टिडलर एकदा उघडला जाईपर्यंत त्याचा मजकूर शोधात सापडत नाही, आणि एकदा आलेला मजकूर त्या बैठकीत पुन्हा वाचला जात नाही.

प्रश्न : सर्व्हर कोणता घ्यावा? सर्व्हरवर गेल्यापासून माझे डिस्कवरच्या फायलींचे दुवे बंद पडले आहेत.

उत्तर : पायथनसोबत येणारा साधा सर्व्हर वाचण्यापुरता ठीक आहे, विकीचे बदल तो लिहून घेत नाही. रोजच्या कामाला नोडजेएसवरचा टिडलीविकी घ्या. तो ८०८० या पोर्टवर, फक्त तुमच्याच संगणकापुरता चालतो आणि प्रत्येक टिडलर वेगळ्या फाइलमध्ये आपोआप जतन करतो. दुवे बंद पडले कारण एचटीटीपीवरून आलेल्या पानाला ब्राउझर डिस्कवरचा थेट पत्ता उघडू देत नाही. विकीच्या फोल्डरमध्ये ‘फाइल्स’ या इंग्रजी नावाचं, सगळी अक्षरं लहान असलेलं उपफोल्डर करा, पीडीएफ आणि चित्रं त्यात हलवा, आणि पत्ते त्या फोल्डरच्या नावापासून सुरू करा. त्या फोल्डरबाहेरच्या फायली हा सर्व्हर देत नाही.