बहिणीकडे ग्रीनकार्ड आहे, भावाला अमेरिकेत नेता येईल का?

तुमचा प्रश्न असा: बहिणीला ग्रीनकार्ड मिळून तीन वर्षं झाली, ती पुढे नागरिकत्व घेणार आहे, तुम्ही, बायको आणि सात वर्षांची मुलगी तिच्या आधारावर अमेरिकेत कायमचे येऊ शकाल का, आणि अर्ज आत्ताच टाकता येईल का?

आत्ता नाही. ग्रीनकार्डवाल्याला फक्त नवरा किंवा बायको आणि अविवाहित मुलं यांच्यासाठी अर्ज करता येतो. भावंडांसाठी अर्जदार अमेरिकन नागरिकच लागतो, तोही 21 वर्षं पूर्ण झालेला. बहिणीला ग्रीनकार्डाची पाच वर्षं भरण्याच्या 90 दिवस आधी नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-400, भरता येईल. नवरा अमेरिकन नागरिक असेल आणि संसार एकत्र असेल तर तीनच वर्षं लागतात, तेव्हा हे तिला आजच विचारा. पाच वर्षांच्या हिशेबात निम्मे दिवस, म्हणजे 30 महिने, ती प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवी. आईवडिलांच्या आजारपणासाठी येऊन सलग सहा महिन्यांच्या वर राहिली तर वास्तव्य खंडित झालं नाही हे तिला सिद्ध करत बसावं लागतं. वर्ष उलटलं तर घड्याळ जवळपास पहिल्यापासून.

नागरिकत्वाची शपथ झाली की त्याच आठवड्यात तिने तुमच्यासाठीचा अर्ज, म्हणजे आय-130, भरायचा. 1 एप्रिल 2024 पासून त्याची फी ऑनलाइन 625 डॉलर, कागदी अर्जाला 675 आहे. अर्ज पोचला ती तारीख म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट, रांगेतली तुमची जागा, आणि पुढे सगळं त्या तारखेवर चालतं. भावंडांची ही चौथी श्रेणी, एफ-4. जगभरासाठी वर्षाला सुमारे 65,000 व्हिसा, आणि कुठल्याही एका देशाला कौटुंबिक व नोकरीच्या व्हिसांपैकी 7 टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. त्यामुळे 2025 च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणाऱ्या अमेरिकन सरकारच्या मासिक पत्रकात, भारताची एफ-4 ची रांग 2006 सालच्या अर्जांपर्यंतच आली होती. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं. इथल्या ओळखीतल्या लोकांना मी हे सांगतो तेव्हा "काहीतरी ओळख लावता येत नाही का?" असं विचारतात. नाही येत.

आता तुमच्या मुलीचं. अर्जाच्या वेळी ती नऊ वर्षांची असेल, रांग यायला 19 वर्षं धरली तर 28. मुलं 21 च्या आतली आणि अविवाहित असली तरच आईबापांबरोबर येतात. पण एक कायदा असा आहे की आय-130 मंजूर व्हायला जितका काळ लागला तितका वयातून वजा होतो. समजा मंजुरीला 8 वर्षं लागली, तर कागदोपत्री ती 20 ची, म्हणजे येऊ शकते. म्हणूनच "मंजुरी लवकर आणून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका, रांग त्याने एक दिवसही पुढे सरकत नाही, उलट मुलीचे वजा व्हायचे दिवस कमी होतात. मात्र 28 व्या वर्षापर्यंत तिने लग्न करायचं नाही, हे तिला कोण सांगणार ते तुम्ही ठरवा.

कागदपत्रांत माणसं अडकतात ती आईवडिलांच्या नावात. तुमच्या आणि बहिणीच्या जन्मदाखल्यांवरून आईवडील एकच आहेत हे दिसलं पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते, आणि आईचं नाव एका दाखल्यावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. तुमचे दाखले आजच समोरासमोर ठेवून वाचा. कोरं नाव महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून घालून घ्या, आईचं लग्नाचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचे दाखले जोडीला ठेवा. बहिणीचं आडनाव बदललं असेल तर तिचंही लग्नाचं प्रमाणपत्र लागेल. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सही केलेलं निवेदन जोडावं लागतं.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. पर्यटक किंवा विद्यार्थी अशा तात्पुरत्या व्हिसाच्या डीएस-160 या अर्जात तुमच्या नावे कुणी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे का, असा थेट प्रश्न असतो. आय-130 नंतर तिथे 'हो' लिहावं लागतं, आणि पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसाचा अधिकारी त्यावरून हा माणूस परत जाणार नाही असं धरू शकतो. खोटं 'नाही' लिहिलंत तर कायमची बंदी येऊ शकते. बहिणीकडे फिरायला जायचं असेल तर दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा आधी काढून ठेवा. एच-1बी किंवा एल-1 या नोकरीच्या व्हिसांना मात्र ही अडचण नाही. खरं सांगायचं तर तुमच्या वयाला मी त्याच वाटेचा, नाहीतर दुसऱ्या देशाचा विचार आधी करीन आणि एफ-4 मागे चालू ठेवीन.

आईवडिलांना आधी आणून त्यांच्यामार्फत यायचं, हा सल्लाही कुणी देईल. तो अविवाहित भावंडांना उपयोगी पडतो. विवाहित मुलासाठी ग्रीनकार्डवाल्या आईबापांना अर्जच करता येत नाही, त्यांना आधी नागरिक व्हावं लागतं.

अर्ज केल्यावर येणाऱ्या आय-797 पावतीची प्रत तुमच्याकडेही ठेवा, आणि बहिणीने घर बदललं की इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवतेय ना, हे विचारत राहा.