मंदीत धीर धरायचा तो कशाच्या जोरावर?

बाजार घसरायला लागल्यापासून बडोद्याच्या वाचकांची पत्रं वाढली आहेत. त्यातली चार इथे घेतो.

प्रश्न : माझे साडेआठ लाख रुपये घराजवळच्या एकाच सहकारी बँकेत मुदत ठेवीत आहेत. बँक बुडणार अशी कुजबुज आहे. सगळे काढून आणू का? – निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार

बाई, आधी ती खरंच बँक आहे की पतसंस्था, ते पावतीवर बघा. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नसतं. विमाधारक बँक असेल तर 4 फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत हमी आहे. शाखा कितीही असोत, हिशोब एकत्रच होतो. म्हणजे तुमचे साडेतीन लाख उघड्यावर आहेत. तेवढे, आणि व्याजासाठी थोडी जागा राहावी म्हणून आणखी काही, दुसऱ्या बँकेत हलवा. मुदतीआधी मोडल्यास थोडं व्याज जाईल, जाऊ द्या. उरलेल्या रकमेसाठी रांगेत उभं राहायची गरज नाही.

1913 च्या सुमारास देशातल्या कितीतरी बँका बुडाल्या, तेव्हा सयाजीराव महाराजांच्या काळात 1908 साली निघालेली आपली बँक ऑफ बडोदा तगली. पण ठेवीदाराला विमा नव्हता. तो 1962 पासून आला, पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर, आणि तोही फक्त दीड हजारांचा.

प्रश्न : पगारातून एसआयपी (दरमहा म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम) चालू आहे. सगळं लाल दिसतंय. थांबवू? – वय 28, अलकापुरी

जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवर होता, मार्च 2009 मध्ये आठ हजारांच्या आसपास आला आणि नोव्हेंबर 2010 मध्ये पुन्हा 21 हजारांवर गेला. बहुतेक सल्लागार इथेच थांबतात. मी जपानचंही सांगतो. तिथला निक्केई निर्देशांक 1989 च्या अखेरीस जिथे होता, तिथे परत पोचायला फेब्रुवारी 2024 उजाडला. म्हणून नुसत्या ‘सगळं वर येतंच’वर विसंबू नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल आणि नोकरी डळमळीत नसेल, तर चालू ठेवा. तीन वर्षांत लागणारे पैसे मात्र शेअरमध्ये नकोतच.

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. ऑर्डरी निम्म्यावर, बिलं चार-चार महिने अडकलेली, सहा कारागीर. धीर कसा धरू?

दादा, तुमच्या पत्रात मंदीपेक्षा उधारी जास्त दिसते, आणि तिच्यावर इलाज आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे ना? नसेल तर आज करा, फुकट होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी खरेदीदाराने 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते.

‘तक्रार केली तर गिऱ्हाईक तुटेल’ ही भीती खोटी नाही. म्हणून आधी त्यांच्या हिशोबनीसाला गाठा. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं देणं मुदतीत दिलं नाही आणि मार्चअखेरही ते थकलेलंच राहिलं, तर त्या वर्षी त्या खर्चाची करवजावट मिळत नाही, हे त्याला नीट ठाऊक असतं. मार्चच्या आधी तो हलतोच!

हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. थकबाकी 90 दिवसांपलीकडे गेली की खातं बुडीत धरलं जातं, मग मॅनेजरच्या हातात फारसं काही उरत नाही. वर्कशॉप किती महिने तग धरेल ते कागदावर मांडा आणि कारागिरांना खरं सांगा. ओव्हरटाइम बंद करून सहाही जणांना ठेवता आलं, तर तेच करा. कसबी हात एकदा सुरत-अहमदाबादला गेला की परत येत नाही.

प्रश्न : हे दिवसभर टीव्हीवर भाव बघत बसतात, रात्री झोप नाही. काय करू? – एक गृहिणी, मांजलपूर

वहिनी, भाव संध्याकाळी एकदाच बघायचे असं ठरवून घ्या, आणि किती कर्ज, किती शिल्लक, हे दोघांनी मिळून वहीत लिहा. बरेच जण बायकोपासून आकडा लपवतात आणि त्यानेच जास्त खचतात. झोपेची तक्रार चालूच राहिली तर डॉक्टरांकडे न्या. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर त्यांना एकटं सोडू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि फोन तुम्हीही करू शकता.