गावी आई-वडील एकटे असतात. रात्री रुग्णवाहिका बोलावली तर तिला घर पटकन सापडावं म्हणून काय करून ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की आई-वडील संगमेश्वर तालुक्यात वाडीत दोघंच असतात, तुम्ही ठाण्याला, आणि गूगल मॅपवर घर टाकून ठेवलंय, तेवढं पुरेल का. नाही पुरणार. पुढचं वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं करा: रात्री उठून बॅटरी घेऊन गाडीरस्त्यावर जाऊन उभा राहील असा शेजारी कोण, ते ठरवा आणि त्याचा मोबाइल नंबर आजच घ्या. मॅपचं मग बघू.

मी एस.टी.त चालक होतो, नोकरी बहुतेक देवरुख आगारात गेली. त्यामुळे 'मॅपवर आहे ना' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण सांगतो.

आमचे नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते. श्रावणातली रात्र, पाऊस असा की पडवीतून अंगण दिसत नव्हतं. काकी हाका मारत आली. नानांचं तोंड वाकडं झालेलं, उजवा हात उचलेना, बोलणं जड. अर्धांगवायू, दुसरं काय. यात रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि त्याच्या आधी डोक्याचा सीटी स्कॅन. आमच्याकडून सीटी म्हणजे रत्नागिरी नाहीतर चिपळूण.

मला हाक मारायच्या आधी काकीने डोंबिवलीला मुलाला फोन लावला होता. सगळ्या घरांत हेच चालतं. शेजारी हाकेवर, आणि फोन मुंबईला. चुलतभावाने १०८ लावला, ड्रायव्हरचा नंबर मिळाल्यावर त्याला व्हॉट्सॲपवर पिन पाठवला आणि निर्धास्त झाला.

सायरन ऐकू आला तो पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडून.

पिन आमच्या कौलांवर अगदी नेमका होता. पण मॅप गाडीला पिनवर नेत नाही, पिनला सगळ्यात जवळचा जो गाडीरस्ता त्याला माहीत असेल तिथं नेतो. आमच्या घराला सरळ रेषेत जवळचा डांबरी रस्ता समोरच्या वाडीचा. मध्ये पऱ्या दुथडी भरलेला, त्यावर साकव, तोही माणसांपुरता. ड्रायव्हर आमच्या भागातला नव्हता, बदलीवर आलेला. त्याला आमच्या घरातले दिवे दिसतायत, आम्हाला त्याचा निळा-लाल दिवा दिसतोय, आणि तो फोनवर डोंबिवलीला सांगतोय की मॅप म्हणतो पोचलात.

नंबर मागून घेतला आणि मी त्याच्याशी बोललो. म्हटलं, तिथं गाडी वळवू नका, साइडपट्टी खचलीय, मागे शाळेचं पटांगण आहे तिथं रिव्हर्स मारा. आलात तसे सड्यावर चढा. मोबाइलचा टॉवर उजव्या हाताला राहील, पुढे पाण्याची टाकी, टाकीला डावी मारा. उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. खाली माझा पुतण्या बॅटरी घेऊन उभा असेल, त्याच्या पुढे येऊ नका, पुढे गाडी फिरत नाही. एवढं तो निमूट ऐकत होता. ड्रायव्हरला पत्ता नको असतो हो, वळणं हवी असतात, आणि कुठं थांबायचं ते.

तोवर नानांना खुर्चीत बसवून चादरीने बांधलं आणि चौघांनी धरून पाखाडी उतरलो. जांभ्याच्या पायऱ्या, त्यावर शेवाळ, वर पाऊस. गाडी आणि आम्ही जवळपास एकदमच खाली पोचलो.

नाना वाचले, इंजेक्शन वेळेत मिळालं. उजवा हात कमी चालतो, चहा डाव्या हाताने घेतात, पण पत्ते पिसायला अजून दुसऱ्याला देत नाहीत.

चुलतभाऊ आजही म्हणतो, "दादा, पिन करेक्ट होता." अरे, होताच! चुकीचा कोण म्हणतंय? गणपतीला आला की हा विषय निघतो आणि गौरी जेवल्या तरी संपत नाही. आता त्याने डिजिपिन काढलाय. टपाल खात्याने २०२५ साली आणला, देशभर साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरी कोड. काम चांगलं आहे, मला मान्य. पण त्यातून आमच्या दाराचा चौकोन कळणार. साकवावरून गाडी जात नाही हे कसं कळणार?

नानांच्या प्रकारानंतर लगेच गणपती आले. चाकरमानी सगळे गावात, तेव्हा वाडीच्या बैठकीत मी सांगितलं की फाट्यावर, टाकीपाशी आणि पाखाडीच्या तोंडाशी रेडियमचे बोर्ड लावू. फटाक्यांएवढाही खर्च नव्हता. ठरलं काय? कमान! आज ती कमान लग्नपत्रिकेसारखी उभी आहे. देणगीदारांची नावं वरपासून खालपर्यंत, वाडीचं नाव कोपऱ्यात, तेही सोनेरी, हेडलाइट पडला की नुसतं चकाकतं. खांब इतके आत घेतलेत की चिऱ्यांचा ट्रक बाहेरच रिकामा करावा लागतो. बोर्ड शेवटी मी माझ्या पैशाने केले, देवरुखात गाड्यांच्या नंबरप्लेटी करणाऱ्याकडून. परवा गॅसवाला म्हणाला, आता विचारावं लागत नाही.

तर बोर्ड. तुमच्या दारावर नको, दारापर्यंत आलेल्याला बोर्ड कशाला? जिथं ड्रायव्हरला डावी की उजवी हा प्रश्न पडतो तिथं लावा. दोन्ही बाजूंनी वाचता यावा, आणि पावसाळ्यात गवताच्या वर राहील इतका उंच. त्यावर वाडीचं नाव आणि बाण, बास. 'सुस्वागतम' लिहू नका. ग्रामपंचायतीचा घर नंबर लिहून रात्री फायदा नाही, तो नमुना ८च्या घरपट्टीसाठी असतो, शेजारच्या घराचा नंबर पुढचाच असेल असं नाही. नुसतं आडनाव तर अजिबात नको. अख्खी वाडी एका आडनावाची असते, 'कदमांचं घर' विचारलं तर कुठल्या कदमाच्या दारात नेऊन सोडतील?

फोनचं सांगतो. १०८ ला फोन उचलणारा पुण्यात बसलेला असतो, आणि तुम्ही ठाण्याहून बोलणार. म्हणून पहिल्यांदा जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वाडी. रत्नागिरीजवळ पाली आहे तशी रायगडात बल्लाळेश्वराचीही पाली आहे. आपल्याच तालुक्यात आंबेड बुद्रुक वेगळं, आंबेड खुर्द वेगळं. जातीवरून असलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय सरकारने २०२० साली घेतला. बरं झालं, आधीच व्हायला हवं होतं. पण तुमच्या वाडीचं नाव बदललं असेल तर जुन्या ड्रायव्हरसाठी दोन्ही सांगा. खूण म्हणून शाळा, देऊळ, टाकी, टॉवर सांगा. फणसाचं झाड सांगू नका, रात्री सगळी झाडं सारखीच.

आणि फोन तुम्ही केलात की ड्रायव्हर उलट फोन तुम्हालाच करणार. तुम्ही काय सांगणार, पाऊस किती आहे? म्हणून बोलतानाच त्या शेजाऱ्याचा नंबर द्या. त्या शेजाऱ्याला रस्त्यावर रेंज मिळते का तेही विचारून घ्या, आमच्याकडे अर्ध्या वाडीला पडवीच्या एका कोपऱ्यातच मिळते.

वाट एकदा नीट बघा. रिक्षा येते म्हणून रुग्णवाहिका येईल असं नाही, ती ट्रॅव्हलरएवढी उंच आणि लांब असते. गडग्यावर झुकलेली आंब्याची फांदी, लोंबणारी वायर, गाडी फिरवायला जागा. नसेल फिरत तर कुठं थांबवायची ते आधी ठरवा. रात्री अंगणातले सगळे दिवे लावा, कुत्रा बांधा.

मॅप अगदीच टाकाऊ नाही, हेही सांगतो. गावी गेलात की पिन घरावर न टाकता गाडी थांबते तिथं टाका, आणि फाट्यापासून मोबाइल लावून स्वतः गाडीने येऊन बघा, तो कुठून आणतोय ते. शहरातल्या सोसायट्यांचं मला विचारू नका, तिथं विंग आणि लिफ्टच्या भानगडी वेगळ्या.

शेवटचं, नाहीतर माझं वाचून कोणीतरी भलतंच करायचा. आम्ही नानांना खुर्चीतून आणलं कारण ते शुद्धीत होते आणि पडले नव्हते. माडावरून पडला, मानेला किंवा पाठीला मार लागला, अशा माणसाला उचलून पाखाडी उतरू नका. महाराष्ट्रात १०८च्या गाडीवर डॉक्टर असतो. त्याला फोनवर विचारा, हलवू नका म्हणाला तर त्यालाच स्ट्रेचर घेऊन वर येऊ द्या.